चहा बंद केल्याने तुरुंग स्वस्त होत नाही

माननीय संपादक,

सरकारी खर्चाला कात्री लावायची वेळ आली की कैद्यांचा चहा, टीव्ही, पंखा, वाचनालय, साबणाची दुसरी वडी, आठवड्याची मुलाखत (घरच्यांची भेट) यांच्याकडे बोट दाखवले जाते. ‘गुन्हा केला त्याला हे लाड कशाला?’ हा प्रश्न लोकांना चटकन पटतो आणि कागदावर बचतीचा आकडाही लगेच दिसतो. आमचे म्हणणे त्या आकड्याबद्दल आहे. तो खोटा नसतो, पण अर्धाच असतो. बचत सामान-खरेदीच्या खात्यात दिसते. तिच्यामुळे वाढलेला खर्च मात्र पगार, औषधे, वाहने, दुरुस्ती आणि कोर्टकचेरी अशा दुसऱ्याच खात्यांतून निघतो. ती खाती वेगवेगळ्या टेबलांवर, कधी वेगवेगळ्या विभागांकडे असतात. त्यांची बेरीज कुणी करत नाही.

तुरुंगाचा मोठा खर्च पहाऱ्याचा असतो. चोवीस तास माणूस लागणारी एकच जागा घ्या, म्हणजे मुख्य दरवाजा किंवा टेहळणीचा मनोरा. वर्षाचे तास होतात ८,७६०. एक शिपाई आठ तासांची पाळी करतो. आठवड्याच्या सुट्ट्या, रजा, आजारपण, प्रशिक्षण वजा जाता वर्षाचे साधारण २२० दिवस, म्हणजे १,७६० तास तो प्रत्यक्ष जागेवर असतो. भागाकार केला की एका जागेला पाच माणसे लागतात. पाच पगार आणि पुढे त्यांची निवृत्तिवेतने. आता एक हजार कैद्यांचा दुपारचा चहा मांडू. कपाला २ ग्रॅम पत्ती, १० ग्रॅम साखर, ४० मिलिलिटर दूध धरले तर दिवसाला २ किलो पत्ती, १० किलो साखर आणि ४० लिटर दूध लागते. वाचकांनी आपल्याकडच्या भावाने वर्षाचा हिशेब करावा आणि तो पाच पगारांशेजारी ठेवावा. चहा बंद केल्यामुळे एक जादा जागा उभी करावी लागली, तर बचत तिथेच संपली.

चहाचा आणि पहाऱ्याचा संबंध काय, असे कुणी विचारेल. संबंध गिनतीचा आहे. संध्याकाळी बराकींना कुलूप लागण्याआधी बराकीतच चहा वाटला जातो तिथे माणसे हाक न मारता आपला मग घेऊन आपापल्या बराकीत येतात आणि रांगेत उभी राहतात. गिनती वाटपाबरोबरच उरकते. चहा नसेल तर त्यांना मैदानातून, कारखान्यातून, नळावरून गोळा करावे लागते. आकडा जुळला नाही की पुन्हा गिनती, आणि ती जुळेपर्यंत एकही दरवाजा उघडत नाही, पाळी सुटत नाही. दिवसाला अर्धा तास उशीर आणि पाळीतले चाळीस शिपाई धरले तर रोजचे वीस मनुष्यतास झाले. शिवाय रोजचा चहा-कॉफी एकदम तोडली की अनेकांना १२ ते २४ तासांत डोकेदुखी, मरगळ, चिडचिड सुरू होते. दुसऱ्या दिवशी ती सर्वांत जास्त असते आणि आठवडाभरही टिकू शकते. एका सकाळी हजार माणसांचा चहा बंद करणारा आदेश निघाला, तर दुसऱ्या दिवशी दवाखान्यापुढची रांग आणि बराकीतली भांडणे दोन्ही वाढणार हे गृहीतच धरायला हवे.

याहून महत्त्वाची गोष्ट शिस्तीची आहे. तुरुंगाधिकाऱ्याच्या हातात साधने मोजकीच असतात. माफीचे दिवस (चांगल्या वर्तनाबद्दल शिक्षेत मिळणारी सूट) कापणे किंवा वेगळ्या कोठडीत टाकणे ही जड साधने झाली, त्यांना चौकशी लागते, कागद लागतात. रोजच्या किरकोळ गैरवर्तनाला ती वापरता येत नाहीत. तिथे उपयोगी पडते ती मिळालेली आणि काढून घेता येणारी छोटी सवलत: आठवडाभर टीव्ही नाही, खेळाचा तास नाही. इंग्लंडने १९९५ पासून याच तत्त्वावर सवलतींच्या पायऱ्यांची पद्धत बसवली आणि १९९८ मध्ये कोठडीत टीव्ही द्यायला सुरुवात केली तीही आठवड्याला एक पौंड भाडे घेऊन, चांगल्या वर्तनाशी जोडून. सगळ्यांचाच टीव्ही काढला तर नियम मोडणाऱ्याकडून काढून घेण्यासारखे काही उरत नाही. मग पुढची पायरी थेट लाठी किंवा अंधारकोठडी. दोन्ही महाग आहेत, आणि आमच्या मते दोन्ही वाईट आहेत.

अमेरिकेच्या काँग्रेसने १९९६ मध्ये संघराज्याच्या तुरुंगांसाठी अशी बंदी अंदाजपत्रकातच घातली: कोठडीतला टीव्ही, कोठडीतली कॉफीची किटली आणि शेगडी, विजेवर चालणारी वाद्ये, कुस्ती-मुष्टियुद्धाचे शिक्षण, ठरावीक दर्जाचे चित्रपट. यातली मेख फारशी सांगितली जात नाही. तिथे कॅन्टीनच्या नफ्यातून कैद्यांसाठी वेगळा निधी चालतो आणि करमणुकीच्या बऱ्याच वस्तू त्यातून येतात. तो नफा म्हणजे कैद्यांच्या घरच्यांनी पाठवलेला पैसा. म्हणून कुठल्याही कपातीआधी पहिला प्रश्न हा विचारावा, की ही वस्तू नेमकी कुणाच्या पैशातून येते? ती करदात्याच्या पैशातून येत नसेल, तर ती काढून करदात्याचे काय वाचणार?

आता साबण आणि पांघरूण. इथे नुकसान कसे होते ते नीट समजून घेण्यासारखे आहे, कारण ते उशिरा दिसते. खरूज साबणाने बरी होत नाही आणि साबण नसल्यामुळे होतही नाही. ती होते ती त्वचेला त्वचा बराच वेळ लागून, आणि एकच अंथरूण-पांघरूण दोघांनी वापरून. चादरी दर आठवड्याऐवजी महिन्याने धुतल्या, पांघरुणे दोघांत एक झाली, की तिला वाट मिळते. पहिल्यांदा लागण झालेल्या माणसाला दोन ते सहा आठवडे काहीच जाणवत नाही. तोवर कपातीचा पहिला अहवाल गेलेला असतो आणि त्यात बचत दिसलेली असते. मग खाज सुरू होते. रात्री खाजवून जखमा होतात आणि इथे साबणाची कमतरता आड येते: न धुतलेल्या जखमा चिघळतात, पू होतो, प्रतिजैविके लागतात.

साठ जणांच्या बराकीत उपचार कसा करावा लागतो तेही पाहा. ज्याला खाज आहे त्यालाच मलम देऊन चालत नाही. पाच टक्के परमेथ्रिनचे, म्हणजे खरजेचा किडा मारणाऱ्या औषधाचे, मलम सगळ्या साठ जणांना एकाच दिवशी, मानेपासून तळपायापर्यंत, बोटांच्या बेचक्यांत आणि नखांखालीसुद्धा लावावे लागते. ते ८ ते १४ तास अंगावर ठेवून मग आंघोळ. सात दिवसांनी पुन्हा तेच. माणशी एका वेळी साधारण ३० ग्रॅम, म्हणजे साठ जणांना दोन फेऱ्यांत ३ किलो ६०० ग्रॅम मलम. त्याच दिवशी सगळे कपडे आणि पांघरुणे ६० अंशांच्या गरम पाण्यात धुवायची, आणि जे धुता येत नाही ते तोंड बांधलेल्या पिशवीत किमान तीन दिवस बंद ठेवायचे. त्या रात्रीसाठी पांघरुणांचा दुसरा जोड हाताशी हवा, आणि नेमका तोच जोड कपातीत गेलेला असतो. चुका ठरलेल्या असतात. दोन कैदी त्या दिवशी कोर्टाच्या तारखेला गेलेले असतात, ते उपचाराविना परत येतात आणि महिन्याभरात बराक पुन्हा खाजवू लागते. किंवा किडा मेल्यावरही दोन ते चार आठवडे खाज राहते हे कुणी सांगितलेले नसते, म्हणून उपचार फसला असे समजून तिसरी फेरी वाया घालवली जाते. चादरी धुण्याचे वाचवलेले पैसे एका उद्रेकाला पुरत नाहीत. त्यात एखाद्याला बाहेरच्या रुग्णालयात न्यावे लागले तर किमान दोन शिपाई, चालक आणि गाडी दिवसभरासाठी गुंतते.

बाहेरच्या लोकांना न दिसणारी आणखी एक गोष्ट म्हणजे उसनवारी. सरकारकडून मिळणारी वस्तू बंद झाली म्हणून तिची गरज संपत नाही, ती कॅन्टीनकडे वळते. ज्याच्या घरून मनिऑर्डर येते तो विकत घेतो. ज्याच्या घरून येत नाही तो उसने घेतो, आणि तुरुंगातल्या उसनवारीचा दर अनेकदा असा असतो: आज एक घे, पुढच्या आठवड्यात दोन दे. साबणाची एक वडी चार आठवडे फिटली नाही आणि दर आठवड्याला दुप्पट होत गेली, तर ती सोळा वड्यांची होते. मग कर्जदार दुसऱ्याचे कपडे धुतो, जेवणातला वाटा देतो, बाहेरून येणारी चोरटी वस्तू लपवून ठेवतो किंवा मार खातो. शेवटी तो ‘माझ्या जिवाला धोका आहे’ असा अर्ज देतो आणि त्याला वेगळ्या कोठडीत हलवावे लागते. तिथे एकेका माणसामागे पहारा जास्त, जेवण जागेवर पोचवायचे, आंघोळ आणि फिरणे वेगळ्या वेळी. एका वडीपासून सुरू झालेला हा खर्च कोणत्याही हिशेबात ‘साबण’ या नावाखाली दिसत नाही.

जेवणाच्या कपातीबद्दल दोनच दाखले. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात १९३९ च्या कायद्याने कैद्यांच्या जेवणाच्या भत्त्यातून उरलेली रक्कम शेरीफला (जिल्ह्याचा तुरुंग चालवणाऱ्या पोलीस अधिकाऱ्याला) स्वतःकडे ठेवता येत असे, आणि भत्ता होता दिवसाला माणशी पावणेदोन डॉलर. जितके कमी खाऊ घालावे तितके खिशात, असा तो नियम. २००९ मध्ये तिथल्या एका शेरीफने तीन वर्षांत दोन लाखांहून जास्त डॉलर असे ठेवल्याचे उघड झाले आणि संघराज्याच्या न्यायाधीशाने त्यालाच कोठडीत पाठवले. दुसरा दाखला उलट बाजूचा. इंग्लंडमधल्या आयल्सबरी तुरुंगात २३१ तरुण कैद्यांवर झालेला प्रयोग २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. अर्ध्यांना जीवनसत्त्वे, क्षार आणि आवश्यक स्निग्धाम्ले दिली, अर्ध्यांना तशाच दिसणाऱ्या पण औषधाचा अंश नसलेल्या गोळ्या. पोषक गोळ्या घेणाऱ्यांच्या गटात शिस्तभंगाचे प्रकार दुसऱ्या गटापेक्षा सुमारे २६ टक्के कमी झाले. ताटातला कस कमी करणे म्हणजे गैरवर्तन वाढवायला जागा करून देणे, असा याचा अर्थ आम्ही घेतो.

पंख्यांचा आणि उकाड्याचा हिशेब टेक्सासने करून दाखवला. तिथल्या एका तुरुंगात वृद्ध आणि आजारी कैद्यांनी उष्णतेविरुद्ध दावा लावला, तेव्हा वातानुकूलन परवडत नाही, असे राज्याचे म्हणणे होते. दावा लढण्यात सुमारे सत्तर लाख डॉलर गेले. २०१८ मध्ये तडजोड झाल्यावर यंत्रणा बसवायला लागले सुमारे चाळीस लाख.

आणि जिथे गोष्ट टोकाला गेली तिथले आकडे तर इतिहासात आहेत. न्यूयॉर्क राज्यातल्या अ‍ॅटिका तुरुंगात १९७१ च्या सप्टेंबरमध्ये उठाव झाला तेव्हा कैद्यांना आठवड्याला एक आंघोळ आणि महिन्याला टॉयलेट पेपरचा एक रोल मिळत होता. कारणे एवढीच नव्हती. गर्दी होती, वर्णद्वेष होता, वैद्यकीय हेळसांड होती. पण मागण्यांच्या यादीत जेवण आणि आंघोळ होतेच. ४३ माणसे मेली, त्यांत कर्मचारीही होते. राज्याने २००० मध्ये कैद्यांना वकिलांच्या खर्चासह १ कोटी २० लाख डॉलर दिले आणि २००५ मध्ये कर्मचाऱ्यांच्या कुटुंबांना आणखी १ कोटी २० लाख. मँचेस्टरचा स्ट्रेंजवेज तुरुंग १९९० मध्ये २५ दिवस पेटला होता, तो पुन्हा उभारायला सुमारे साडेपाच कोटी पौंड लागले.

पुस्तकांवरची कपात तर आम्हाला मुळीच समजत नाही. इंग्लंडने २०१३ मध्ये घरून येणारी पार्सले बंद करताना पुस्तकेही अडवली, आणि २०१४ च्या डिसेंबरमध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने ते बेकायदा ठरवले. संध्याकाळी कुलूप लागल्यावर बराकीत बारा-तेरा तास काढायचे असतात. त्या वेळात डोके गुंतवून ठेवणारी इतकी स्वस्त दुसरी वस्तू कोणती आहे?

मुलाखतींचे मात्र सविस्तर सांगायला हवे, कारण मुलाखतीचे दिवस कमी करणे ही सर्वांत सोपी ‘बचत’ वाटते: दोन शिपाई, एक कारकून, अर्धा दिवस. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याने २००३ ते २००७ या काळात सुटलेल्या १६,४२० कैद्यांचा माग काढला. ज्यांना आत असताना कुणीतरी भेटायला येत होते, त्यांना पुन्हा गंभीर गुन्ह्यात शिक्षा होण्याची शक्यता १३ टक्क्यांनी कमी निघाली. सुटल्यावर कुठे राहायचे, कामाला कोण लावणार, हे ठरते ते जाळीपलीकडच्या त्या वीस मिनिटांत. परत आलेला प्रत्येक माणूस तपास, खटला आणि पुन्हा काही वर्षांचा मुक्काम एवढा खर्च घेऊन येतो.

पीडिताला काही मिळत नाही आणि गुन्हेगाराला चहा मिळतो, ही सल खरी आहे. आम्ही ती हलकी मानत नाही. पण चहाचे वाचलेले पैसे पीडिताकडे जात नाहीत, ते शिल्लक म्हणून परत जमा होतात. पीडितासाठी भरपाईचा निधी वेळेवर वाटला जावा आणि कैद्याच्या मजुरीतून ठरलेला वाटा त्याच्यापर्यंत पोचावा, यासाठी आग्रह धरला तर त्याच्या हाती खरोखर काही पडेल.

शिवाय आत कोण आहे तेही पाहावे. आपल्या देशात २०२२ च्या सरकारी आकडेवारीनुसार तुरुंगांत ५ लाख ७३ हजार माणसे होती, त्यांतली ४ लाख ३४ हजार कच्चे कैदी. दर चौघांतले तिघे अजून दोषी ठरलेलेच नाहीत. १८९४ च्या तुरुंग कायद्याने, म्हणजे इंग्रज सरकारनेसुद्धा, कच्च्या कैद्याला स्वतःच्या खर्चाने बाहेरून अन्न, कपडे, अंथरूण घेण्याची मुभा कलम ३१ मध्ये दिली होती. सुनील बत्रा खटल्यात १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की तुरुंगाच्या दारात मूलभूत हक्क गळून पडत नाहीत. संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये मंजूर केलेल्या, कैद्यांना कसे वागवावे याबद्दलच्या नेल्सन मंडेला नियमांत स्वतंत्र अंथरूण, हवे तेव्हा पिण्याचे पाणी, रोज किमान तासभर मोकळी हवा आणि प्रत्येक तुरुंगात वाचनालय या गोष्टी सवलती म्हणून नव्हे, किमान गरजा म्हणून लिहिल्या आहेत.

पैसे वाचवायचेच असतील तर जागा आहेत. स्वयंपाकघरात सात दिवस दोन डबे ठेवा: एकात न वाढलेले उरलेले अन्न, दुसऱ्यात ताटात टाकलेले. प्रत्येक जेवणानंतर दोन्ही तोला. पहिला डबा भरत असेल तर शिजवणे पटावरच्या आकड्याने चालले आहे. हजारांतले ऐंशी जण कोर्टात गेलेले असताना हजारांचे शिजवले तर आठ टक्के तिथेच गेले. सकाळी दरवाजावरून बाहेर गेलेल्यांचा आकडा दहाच्या आत स्वयंपाकघरात पोचवणे, एवढाच त्याला उपाय. दुसरा डबा भरत असेल तर दोष चवीचा किंवा मालाच्या दर्जाचा आहे, आणि तो ठेकेदाराच्या बिलाशी ताडून पाहावा. माल उतरताना काट्यावर कैद्यांच्या पंचायतीतला एक जण उभा ठेवला तर वजनातली चोरी बरीच थांबते. पंखे काढू नका, मोटार बदला. ७५ वॅटचे सहा पंखे चोवीस तासांत १०.८ युनिट खातात, ३० वॅटचे सहा ४.३ युनिट. कुणाचीही हवा न कापता साठ टक्के वीज वाचते.

सर्वांत मोठी बचत माणसे कमी होण्यात आहे, आणि तीही टप्प्याने येते: एक कैदी सुटल्याने पहारा कमी होत नाही, एक बराक रिकामी होऊन बंद झाली की होतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ प्रमाणे आधी कधीही दोषी न ठरलेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला, आणि इतरांनी निम्मा काढला, की तुरुंग अधीक्षकाने स्वतःहून न्यायालयाला लेखी अर्ज करायचा आहे. फाशी किंवा जन्मठेपेचे गुन्हे आणि एकाहून जास्त खटले असलेले यातून वगळले आहेत. यासाठी लागते ती एक वही: नाव, कलम, कमाल शिक्षा, अटकेची तारीख, एक तृतीयांश आणि निम्मा काळ पुरा होण्याची तारीख. ती दर सोमवारी उघडली गेली पाहिजे. जामीन मंजूर होऊनही जामीनदार नाही म्हणून अडकलेल्यांसाठी शेवटी आणखी एक रकाना ठेवावा.

तरीही एखादी सवलत काढायचीच असे सरकारने ठरवले, तर आमची मागणी एका तक्त्याची आहे. कपातीआधीचे सहा महिने आणि नंतरचे सहा महिने, शेजारी शेजारी: शिपायांचे जादा तास, दवाखान्यातील नोंदी, बाहेरच्या रुग्णालयाच्या फेऱ्या, वेगळ्या कोठडीत हलवलेल्यांची संख्या, मारामारीचे गुन्हे, तोडफोडीची दुरुस्ती, दाखल झालेले दावे. त्याखाली सामान-खरेदीत वाचलेली रक्कम. हा तक्ता तुरुंगवार छापावा आणि विधिमंडळाच्या पटलावर ठेवावा.

आपले,
तुरुंगाचा जमाखर्च जवळून पाहणारे काही वाचक